पडद्याला टाळी ऐकू येत नाही

२०२४च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या एएमसी या चित्रपटगृहांच्या साखळीने 'विकेड' सुरू होण्याआधी प्रेक्षकांना बजावायला सुरुवात केली: बोलू नका, मोबाइल काढू नका आणि गाऊ नका. पहिल्या दोन सूचना कुठेही ऐकायला मिळतात. तिसरी द्यायची पाळी आली, कारण 'विकेड' हे संगीत नाटक ३० ऑक्टोबर २००३पासून ब्रॉडवेवर चालू आहे आणि त्यातली गाणी तोंडपाठ असलेली एक अख्खी पिढी मधल्या एकवीस वर्षांत मोठी झाली आहे. या मंडळींना सिंथिया एरिवो आणि एरियाना ग्रांडे यांचं गाणं ऐकायचं होतंच, पण त्यांच्या सुरात सूर मिसळायचीही हौस होती. शेजारच्या खुर्चीतल्या माणसाचं म्हणणं वेगळं. त्याने पैसे मोजले होते ते एरिवोच्या गळ्यासाठी, शेजारणीच्या नव्हे. वाद इतका रंगला की अभिनेता ड्वेन जॉन्सनलाही त्यावर मत विचारलं गेलं. त्याने पैसे भरलेत तर खुशाल गा, असा कौल दिला. अखेर २५ डिसेंबरपासून हजाराहून अधिक चित्रपटगृहांत खास गाणाऱ्यांसाठी वेगळे खेळ लावले गेले आणि भांडण मिटलं.

यातली गंमत अशी की न्यूयॉर्कच्या गर्श्विन थिएटरात, जिथे हे नाटक चालतं, तिथे यांतले बहुतेक जण तोंड उघडत नाहीत. तिथे नटी समोर उभी असते. ती गाते, प्रेक्षक श्वास रोखून ऐकतो, शेवटचा सूर विरला की टाळ्यांचा कडकडाट होतो आणि त्या टाळ्या ओसरेपर्यंत ती थांबते. प्रेक्षकाने दिलेलं पोचतं आणि पोचल्याची पावतीही मिळते. चित्रपटात नटी थांबत नाही. टाळीला जागाच नसते, आणि असली तरी ती ऐकायला कुणी नसतं. मग आतून उसळलेलं ते सगळं जाणार कुठे? ते शेजाऱ्याकडे जातं: गाण्याच्या रूपाने, हुंदक्याच्या रूपाने, कधी चक्क खिदळण्याच्या रूपाने. रंगमंचावरचं लोकप्रिय संगीत नाटक पडद्यावर आलं की लोक जे वागतात, त्यातलं बरंचसं इथून सुरू होतं.

लंडनच्या लेस्टर स्क्वेअरजवळच्या प्रिन्स चार्ल्स सिनेमाने हे फार आधी ओळखलं होतं. १९९९पासून तिथे 'द साउंड ऑफ म्युझिक'चे असे खेळ सुरू झाले की पडद्यावर गाण्याचे शब्द उमटायचे आणि प्रेक्षक जोगिणींचा वेश करून गायला यायचे. १९५९चं ब्रॉडवेचं नाटक, १९६५चा रॉबर्ट वाइझचा चित्रपट, पाच ऑस्कर. समीक्षकांनी मात्र त्याला फार गोड म्हणून झोडपलं होतं. पॉलीन केलचं त्यावरचं जळजळीत परीक्षण आजही उद्धृत होतं. जगभरच्या लोकांनी समीक्षकांना बाजूला ठेवून तो पुन्हापुन्हा पाहिला. न मानणारे लोक भेटले ते खुद्द ऑस्ट्रियात. तिथल्या लोकांनी या चित्रपटातल्याच ट्राप कुटुंबावरचा जर्मन चित्रपट १९५६मध्येच पाहिला होता आणि अमेरिकेने दाखवलेला त्यांचा देश त्यांना ओळखू येत नव्हता. आज साल्झबर्गमध्ये या चित्रपटाच्या जागा पाहायला पर्यटकांच्या बसगाड्या फिरतात, आणि त्यांत ऑस्ट्रियन माणूस शोधावा लागतो.

नाटकाच्या प्रेक्षकाचा हक्क किती लांबवर जाऊ शकतो, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' रंगलं आणि पुढच्या पन्नास वर्षांत संगीत नाटकाच्या प्रेक्षकाने 'वन्स मोअर' नावाचं हत्यार हाती घेतलं. एखादं पद किती वेळ चालायचं, हे नाटककार ठरवत नसे आणि दिग्दर्शकही नसे. ते पिटातला श्रोता ठरवी. रात्री सुरू झालेला खेळ पहाटेपर्यंत लांबे तो त्याच्याच आग्रहामुळे. अशा प्रेक्षकाला अंधारात बसवून, ठरावीक मिनिटांत संपणारं आणि पुन्हा म्हणता न येणारं पद ऐकवायचं म्हणजे त्याच्या हातातली सत्ता काढून घेणंच.

स्त्रीभूमिका गाजवणाऱ्या बालगंधर्वांना याचा फटका सगळ्यात आधी बसला. कर्ज डोक्यावर होतं, बोलपट आले होते, नाटकांची गर्दी ओसरू लागली होती. १९३५मध्ये ते प्रभातच्या 'धर्मात्मा'त संत एकनाथ म्हणून उभे राहिले. दिग्दर्शक व्ही. शांताराम, कंपनी नावाजलेली, चित्रपटही गंभीरपणे केलेला. पण ज्यांच्या 'मानापमान'मधल्या भामिनीच्या शालूची नि अंबाड्याची नक्कल घराघरांतल्या बायका करत होत्या, ते बालगंधर्व दाढीमिशांत पाहणं लोकांना रुचेना. बरोबरीने चित्रीकरणाची रीतही त्यांना मानवली नाही. समोर प्रेक्षक नाही, दाद नाही, तुकड्यातुकड्याने अभिनय. एका चित्रपटावर प्रभातशी असलेलं नातं संपलं. १९३७मध्ये 'साध्वी मीराबाई' आला, तो तर सरळ रंगभूमीवरच्या नाटकावर बेतलेला आणि त्यात ते पुन्हा स्त्रीवेषात. लोकांना हवं होतं ते त्यांनी दिलं, असं वाटावं. तरीही तो पडला. एकोणपन्नाशीच्या बालगंधर्वांचा चेहरा कॅमेऱ्याने जवळून दाखवला आणि रंगमंचावर प्रेक्षक जे आनंदाने विसरत आला होता ते पडद्याने विसरू दिलं नाही. नुसत्या वयाला दोष देता येत नाही, कारण याच वयात, आणि यानंतरही बरीच वर्षं, नाट्यगृहात त्यांची स्त्रीभूमिका पाहायला लोक जातच होते. नाट्यगृहात अंतर असतं. त्या अंतरात प्रेक्षक आपल्याजवळचं काहीतरी घालतो: आठवण, प्रेम, कल्पना. कॅमेरा ते अंतर खातो.

बरोब्बर हाच प्रकार २०२१मध्ये अमेरिकेत घडला. 'डिअर इव्हान हॅन्सन' या ब्रॉडवेच्या नाटकात सतरा वर्षांच्या, माणसांना बिचकणाऱ्या मुलाची भूमिका करून बेन प्लॅटने २०१७चा टोनी पुरस्कार मिळवला होता. चित्रपट आला तेव्हाही तोच मुख्य भूमिकेत होता आणि तोवर त्याने सत्ताविशी गाठली होती. चित्रपटाची पहिली झलक बाहेर पडताच शाळेच्या बाकावर बसलेल्या या बाप्याची टिंगल सुरू झाली. गाणं तेच होतं, गळा तोच होता, ज्या अभिनयासाठी लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते तो अभिनयही तोच होता. बाराव्या रांगेतून जो घाबरलेला मुलगा दिसत होता, तो दोन फुटांवरून मोठा माणूस दिसू लागला एवढंच. वर चित्रपटाचे एक निर्माते मार्क प्लॅट हे बेनचे वडील असल्याने लोकांना बोलायला आणखी एक विषय मिळाला.

या अंतराचा हिशेब एकाच दिग्दर्शकाला एकदा जमला आणि एकदा साफ चुकला, म्हणून टॉम हूपरचं उदाहरण सगळ्यात बोलकं आहे.

'ले मिझराब्ल' १९८५च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या बार्बिकनमध्ये आलं तेव्हा समीक्षकांनी नाकं मुरडली आणि तिकीट खिडकीपुढे रांगा लागल्या. व्हिक्टर ह्यूगोच्या प्रचंड कादंबरीवरचं, जवळजवळ सबंध गाण्यातून सांगितलेलं हे नाटक. २०१२च्या नाताळात हूपरचा चित्रपट आला. त्याने एक धाडस केलं. संगीतिकांच्या चित्रपटांत गाणी आधी ध्वनिमुद्रित करून ठेवतात आणि चित्रीकरणात ओठ हलवतात. हूपरने नटांना कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष गायला लावलं. कानात बारीक यंत्र, त्यात फक्त पियानोची साथ, वाद्यवृंद नंतर चढवलेला. ॲन हॅथवेचं मुख्य गाणं तर कॅमेरा तिच्या चेहऱ्यावरून न हलवता एका दमात घेतलेलं आहे. आवाज फाटतो, श्वास अडकतो, नाक ओढल्याचं ऐकू येतं. नाटकात हे शक्यच नव्हतं. तिथे शेवटच्या रांगेपर्यंत सूर पोचवायचा असतो. चित्रपटगृहांत लोक ढसाढसा रडले, हॅथवेला ऑस्कर मिळालं. नाटकाचे जुने भक्त मात्र रसेल क्रोवर रागावले. जव्हेर या पोलीस अधिकाऱ्याची गाणी भरदार, तयारीच्या गळ्यांतून ऐकलेल्यांना त्याचा आवाज तोकडा वाटला, आणि जवळून घेतलेला कॅमेरा तोकडेपणा झाकत नाही. त्याच भक्तांसाठी हूपरने एक भेटही ठेवली होती: लंडन आणि न्यूयॉर्कचा मूळचा ज्याँ वाल्ज्याँ, कॉल्म विल्किन्सन, इथे बिशप झाला आहे. ज्यांनी ओळखलं त्यांनी टाळ्या दिल्या, बाकीच्यांना तो चांगला बिशप वाटला.

सात वर्षांनी याच हूपरने 'कॅट्स' घेतला. टी. एस. इलियटच्या मांजरांवरच्या कविता, अँड्र्यू लॉइड वेबरचं संगीत. लंडनला १९८१पासून एकवीस वर्षं आणि ब्रॉडवेवर ७,४८५ प्रयोग. रंगमंचावरची मांजरं म्हणजे घट्ट कपडे, रंगवलेले चेहरे आणि केसाळ टोप घातलेली नाचणारी माणसं. ती अंधारात प्रेक्षकांमधूनही फिरायची. हे माणूस आहे हे प्रत्येकाला दिसत होतं आणि मांजर मानायचं प्रत्येकाने ठरवलेलं होतं. चित्रपटाने ठरवायचं काही ठेवलंच नाही. संगणकाने नटांच्या अंगावर खरीखुरी वाटणारी लव उगवली, शेपट्या हलवल्या, कान फिरवले आणि मध्ये माणसाचा चेहरा नि माणसाचे हात तसेच सोडले. जुलै २०१९मध्ये पहिली झलक आली तेव्हा जगभर जी प्रतिक्रिया उमटली तिला किळस याखेरीज शब्द नाही. डिसेंबरमध्ये चित्रपट लागला आणि लागल्यावर दोनच दिवसांत युनिव्हर्सल कंपनीने चित्रपटगृहांना दृश्यं सुधारलेली नवी प्रत पाठवली. पहिल्या प्रतीत जुडी डेंच यांचा अंगठीसकट माणसाचा हात दिसून गेला होता आणि तो पाहायला मिळावा म्हणून काहींनी घाईने जुन्या प्रतीची तिकिटं काढली! पुढे या चित्रपटाचे रात्रीचे धिंगाण्याचे खेळ होऊ लागले. लोक ओरडायला, टवाळी करायला म्हणून जायचे. वेबर यांनी तर नंतर एका मुलाखतीत सांगितलं की चित्रपट पाहून आपण कुत्रा पाळला.

नाटकात जे मानून घ्यायचं असतं, ते पडद्यावर खरं करून दाखवलं की प्रेक्षकाला करायला काही उरत नाही, आणि मग तो खोट काढायला मोकळा होतो. चूक तंत्राची होती असं पुष्कळांनी लिहिलं. पण तंत्र आणखी चांगलं असतं तरी फार फरक पडला असता असं वाटत नाही.

पाश्चात्त्य प्रेक्षकाची आणखी एक अडचण आपल्याला मजेशीर वाटते: ही माणसं मध्येच का गातात? जानेवारी २०२४मध्ये 'मीन गर्ल्स' आला. मूळ चित्रपट २००४चा, त्यावर ब्रॉडवेची संगीतिका, आणि त्या संगीतिकेवर हा नवा चित्रपट. जाहिरातींत गाण्यांचा सुगावा जवळजवळ लागू दिला नव्हता, त्यामुळे पहिलं गाणं सुरू होताच चित्रपटगृहांत वैतागाचे सुस्कारे ऐकू आले. हॉलीवूडला ही भीती जुनी आहे. रॉब मार्शलने २००२च्या 'शिकागो'त त्यावर तोड काढली होती: बहुतेक गाणी नायिका रॉक्सीच्या मनातल्या रंगमंचावर घडतात, म्हणजे खऱ्या रस्त्यावर कुणी गात नाही. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर त्याला मिळालं. १९६८च्या 'ऑलिव्हर!'नंतर पहिल्यांदाच संगीतिकेला ते मिळत होतं.

आपल्याकडे हा प्रश्न कुणी विचारत नाही, कारण आपला बोलपट संगीत नाटकाच्याच घरात जन्मला. १९३१चा 'आलम आरा' पारशी रंगभूमीवरच्या नाटकातून आला. पाठोपाठ १९३२मध्ये आगा हसन अमानत यांच्या लखनौच्या 'इंद्रसभा'वर मदन थिएटर्सने चित्रपट काढला, त्यात सत्तरच्या घरात गाणी होती. नायक गातो ते का, यापेक्षा गातो ते कुणाच्या आवाजात, याची आपल्याला जास्त उत्सुकता.

आणि आवाजाच्या बाबतीत अमेरिकेची नि आपली रीत अगदी उलटी. 'माय फेअर लेडी' १९५६मध्ये ब्रॉडवेवर आलं तेव्हा एलायझा होती ज्यूली अँड्र्यूज. (शॉच्या ज्या 'पिग्मॅलियन'वर ते बेतलं होतं, त्यावरच पुढे पु. ल. देशपांड्यांनी 'ती फुलराणी' लिहिलं.) १९६४च्या चित्रपटासाठी निर्माता जॅक वॉर्नरने अँड्र्यूजला घेतलं नाही; पडद्यावर तिचं नाव झालेलं नव्हतं, म्हणून ऑड्री हेपबर्नला घेतलं. हेपबर्नची बहुतेक गाणी मार्नी निक्सनच्या आवाजात आहेत आणि निक्सनचं नाव श्रेयनामावलीत नव्हतं. ही बातमी फुटली. चित्रपटाला आठ ऑस्कर मिळाली, पण हेपबर्नला साधं नामांकनही नाही. त्याच समारंभात अभिनेत्रीचं ऑस्कर 'मेरी पॉपिन्स'साठी ज्यूली अँड्र्यूजला मिळालं. ज्यांनी तिची ध्वनिमुद्रिका घरी झिजेपर्यंत वाजवली होती, त्यांना हा न्याय वाटला. जी बाई जिवंत आहे, गाते आहे, तिच्या जागी दुसरीचा चेहरा आणि तिसरीचा आवाज, हे त्यांना पटणारं नव्हतं.

आता हेच १२ नोव्हेंबर २०१५च्या दिवाळीशी ताडून पाहावं. त्या दिवशी 'कट्यार काळजात घुसली' लागला, आणि त्याच दिवशी सलमान खानचा 'प्रेम रतन धन पायो' आणि 'मुंबई-पुणे-मुंबई २'ही. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं हे नाटक १९६७च्या डिसेंबरमध्ये आलं होतं, संगीत पं. जितेंद्र अभिषेकींचं आणि खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले म्हणजे डॉ. वसंतराव देशपांडे. वसंतराव गात होते आणि वसंतरावच खाँसाहेब होते. आवाज नि माणूस यांत फट नव्हती. चित्रपटात खाँसाहेब झाले सचिन पिळगांवकर, आवाज राहुल देशपांडे यांचा. सदाशिवाच्या भूमिकेत दिग्दर्शक सुबोध भावे, आवाज महेश काळे यांचा. पंडित भानुशंकर तेवढे शंकर महादेवन यांनी स्वतः उभे केले आणि स्वतः गायले. अमेरिकन निकषाने पाहिलं तर इथे हेपबर्नसारखा गहजब व्हायला हवा होता. झालं उलटंच. मल्टिप्लेक्समध्ये, जिथे एरवी कुणी मान डोलावत नाही, तिथे तानेला वाहवा आली, आजी-आजोबा नातवंडांना घेऊन दुसऱ्यांदा गेले.

पार्श्वगायनाची सवय हे एक कारण. त्याहून मोठं कारण असं की २०१५च्या प्रेक्षकांतल्या फार थोड्यांनी वसंतरावांना या भूमिकेत डोळ्यांनी पाहिलं होतं. ते १९८३मध्ये गेले. बाकीच्यांच्या मनातले खाँसाहेब ध्वनिमुद्रिकांतले नि आकाशवाणीवरचे, म्हणजे केवळ आवाज होते. तो आवाज नातवाच्या, राहुलच्या, गळ्यातून आला आणि कान निवले. डोळ्यांची मागणी मुळात नव्हतीच. शिवाय महेश काळे अभिषेकीबुवांचेच शिष्य, आणि हीच मंडळी २०१०मध्ये भावे यांनी पुन्हा रंगमंचावर आणलेल्या 'कट्यार'मध्ये गात होती. चित्रपट आकाशातून पडला नव्हता, पाच वर्षं त्याची तालीम प्रेक्षकांसमोरच चालली होती.

तक्रारी झाल्याच, आणि त्यांतल्या काही रास्त होत्या. नाटकात जो पूर्वेतिहास संवादांतून उमगतो, तो चित्रपटाने उलगडून दाखवला: दोन गवयांचं आधीचं सख्य, खाँसाहेबांचं विश्रामपुरात येणं, वर्षानुवर्षांची हार आणि तिने पोखरलेलं मन. त्यामुळे कथा नवख्यालाही कळली. पण ज्यांच्या लेखी 'कट्यार' म्हणजे दोन गायकींचा सामना होता, त्यांना तो एका माणसाच्या मत्सराकडे झुकल्यासारखा वाटला. दुसरी तक्रार गाण्याच्या लांबीची. वसंतराव एकच पद आज एका अंगाने, उद्या दुसऱ्या अंगाने मांडत आणि श्रोता हटून बसला तर आणखी फुलवत. पडद्यावर ते कायमचं चार मिनिटांचं झालं. तिसरी तक्रार शंकर-एहसान-लॉय यांच्या नव्या गाण्यांबद्दल: अभिषेकींच्या चालींशेजारी कव्वाली कशाला?

याच भावे यांनी याच संगीतकारांना घेऊन १० जानेवारी २०२५ रोजी 'संगीत मानापमान' आणला, तेव्हा तशी लाट उठली नाही. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं हे नाटक १९११चं. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव भोसले आणि बालगंधर्व यांनी त्याचा जो संयुक्त प्रयोग केला, त्याच्या कथा मराठी घरांत अजून सांगितल्या जातात. पण कथाच, तो पाहिलेला माणूस आता नाही. 'कट्यार'ला आजोबांच्या कानांचा पाठिंबा होता, 'मानापमान'ला फक्त पाठ्यपुस्तकी आदराचा. भामिनी गरीब धैर्यधराला का झिडकारते, इथपासून सगळं नव्या प्रेक्षकाला नव्याने पटवायचं होतं, आणि भव्य पोशाख नि किल्ल्यांची दृश्यं हे काम करत नाहीत.

'कट्यार'वरच्या त्या तिसऱ्या तक्रारीचं पुढे काय झालं, हे मात्र नोंदवायला हवं. ६३व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट पार्श्वगायकाचा मान महेश काळे यांना मिळाला. त्यांच्या सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या शिष्यांपासून पुण्यातल्या श्रोत्यांपर्यंत सगळ्यांनी तो 'कट्यार'चाच मान म्हणून साजरा केला. पुरस्कार मिळाला तो 'अरुणी किरणी'साठी, आणि हे गाणं दारव्हेकरांच्या नाटकात नव्हतं.